फूड सेन्सिटिव्हिटी टेस्ट : दोनशे पदार्थ तपासले म्हणजे टेस्ट अचूक झाली का?

मंदार_के
वहिनीला कित्येक वर्षं पोट फुगणं, गॅस, मधूनच जुलाब. डॉक्टरांनी आयबीएस (आतड्याला इजा नसताना वारंवार होणारी पोटाची तक्रार) सांगितलं, मग कुणाच्या तरी नादाने तिने ती रक्ताची फूड सेन्सिटिव्हिटी पॅनल केली, दोनशेवर पदार्थ आणि लाल-पिवळे-हिरवे रकाने. लाल काय आलं तर गहू, दूध, तूरडाळ, शेंगदाणे, म्हणजे घरात रोज जे शिजतं तेच!! यात नवल काही नाही, ही टेस्ट आयजीजी अँटिबॉडी (रक्तातली एका प्रकारची प्रतिकारक प्रथिनं) मोजते आणि आपण जे नेहमी खातो त्याच्या आयजीजी अंगात असतातच. युरोपच्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने 2008 लाच सांगून ठेवलंय की आयजीजी4 (आयजीजीचाच एक पोटप्रकार) वरून अन्नाची अ‍ॅलर्जी किंवा इनटॉलरन्स (पदार्थ न सोसणं) ठरवू नका.

माझं म्हणणं एवढंच की पदार्थ वाढवून अचूकपणा वाढत नाही, उलट घटतो. समजा प्रत्येक पदार्थामागे शंभरात 5 वेळा खोटा पॉझिटिव्ह येतो, तर दोनशे पदार्थांत 10 फुकटचे लाल रकाने ठरलेलेच. कमी पदार्थ घ्या, आणि रिपोर्ट बरोबर आला की नाही हे पेशंटला काय देतोय ते न सांगता खायला घालून तपासा.

शुभा_डोंबिवली
सरसकट थोतांड म्हणून मोकळं होणं सोप्पंय हो. 2025 मध्ये अमेरिकेत आयबीएसच्या 238 पेशंटवर ट्रायल झाली, त्यात आयजीजी रिपोर्टप्रमाणे पदार्थ बंद केलेल्यांपैकी 59.6 टक्के लोकांची पोटदुखी ठरलेल्या प्रमाणात कमी झाली, खोट्या डाएटवाल्यांत (म्हणजे रिपोर्टशी संबंध नसलेले पदार्थ बंद केलेल्यांत) 42.1 टक्के. पेशंटला आपण खऱ्या गटात की खोट्या हे माहीत नव्हतं. आता बोला.

मंदार_के
बोलतो की. ती टेस्ट फक्त 18 पदार्थांची होती, आयबीएससाठी खास बनवलेली. तिच्या जिवावर दोनशेवाली पॅनल विकायची हे कसं चालेल? आणि खोट्या डाएटनेसुद्धा 42 टक्क्यांना बरं वाटतं, म्हणून तर "मला त्या टेस्टने फरक पडला" याला पुरावा म्हणता येत नाही.

शुभा_डोंबिवली
पण फरक राहिलाच ना? 17 टक्क्यांच्या वर. ज्याचं पोट रोज दुखतं त्याला विचारा ते कमी आहे का.

लॅबवाली
तुमचं भांडण चालू द्या, मी वर्षानुवर्षं ब्रेथ टेस्ट करतेय म्हणून लिहिते. लॅक्टोजची (दुधातल्या साखरेची) टेस्ट म्हणजे पेशंटला 25 ग्रॅम लॅक्टोज पाजायचं आणि ते न पचता आतड्यात आंबून श्वासातला हायड्रोजन 20 पीपीएमने (दहा लाखांत 20 भागांनी) चढतो का बघायचं. 25 ग्रॅम म्हणजे जवळजवळ अर्धा लिटर दूध, एका दमात! चहातलं दूध पचणारा माणूसही यात पॉझिटिव्ह येतो आणि दुसऱ्या दिवसापासून घरात दही-ताक सगळं बंद. रिपोर्टवर नुसता आकडा नको, टेस्ट चालू असताना पोटात खरंच काही झालं का तेही लिहायला हवं. दुसरं म्हणजे लोक आदल्या रात्री राजमा चापून येतात, महिन्याच्या आत अँटिबायोटिक झालेलं असतं ते सांगत नाहीत, सकाळी विडी ओढून येतात. काहींच्या पोटातले जंतू हायड्रोजनऐवजी मिथेन करतात, तो मोजलाच नाही तर निगेटिव्ह. मशीन बदलण्याआधी हे सुधारा.

पाटील_कोल्हापूर
म्हणजे तांबडा रस्सा खाऊन यायचं नाही तर 😀

रेवती_आहार
मी डाएटिशियन आहे, मंदारशी निम्मी सहमत. सगळ्यात महत्त्वाचं कुणी बोललंच नाही. अँटिबॉडी मुख्यतः प्रथिनांविरुद्ध तयार होतात. गव्हातलं, कांद्या-लसणातलं फ्रुक्टान ही साखरेच्या साखळीची गोष्ट आहे, ती आतड्यात आंबते आणि गॅस होतो, आयजीजी टेस्टला हे दिसणारच नाही. 2018 ला ऑस्लोमध्ये ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) सोसत नाही असं म्हणणाऱ्या, सीलिएक (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) नसलेल्या 59 जणांना न सांगता ग्लुटेनचे, फ्रुक्टानचे आणि साधे म्यूसली बार खायला दिले, तर जास्त त्रास फ्रुक्टानने झाला, ग्लुटेनने नाही. म्हणजे वहिनी पोळी सोडून कांद्याची थालीपीठं खात बसल्या तर काय उपयोग?

आणि कृपा करून पोळी बंद करण्याआधी सीलिएकची टीटीजी ही रक्ताची अँटिबॉडी टेस्ट करून घ्या, सोबत टोटल आयजीए (दुसऱ्या प्रकारच्या अँटिबॉडीचं एकूण प्रमाण). गहू सोडून मग टेस्ट केली तर सीलिएक असूनही निगेटिव्ह येऊ शकते.

शुभा_डोंबिवली
हे पटलं. पण मंदार, न सांगता कांदा कसा खाऊ घालणार? वासानेच कळतं. परदेशी बार ठीक आहेत, आपल्या स्वैपाकघरात हे होणार नाही, त्यापेक्षा रक्त दिलेलं बरं.

रेवती_आहार
कांदा लपत नाही, फ्रुक्टान लपतं. इन्युलिनची पावडर मिळते, तेही फ्रुक्टानच. लिंबूसरबतात थोडी घालायची, चव जेमतेम गोडसर. आधी दोन-चार आठवडे कांदा, लसूण, गहू कमी करून त्रास थांबला तरच हे करा, नाहीतर काहीच कळणार नाही.

शुभा_डोंबिवली
आणि सरबत देणार दादा. त्याच्या चेहऱ्यावरूनच वहिनी ओळखेल.

मंदार_के
दादाला कशाला कळायला हवं? पुड्या शेजारच्या काकूंकडून बांधून घ्यायच्या, काहींत इन्युलिन, काहींत पिठीसाखर, वर अ आणि ब. कशात काय ते फक्त काकूंना माहीत. वहिनीने रोज त्रास लिहायचा आणि काकूंची चिठ्ठी शेवटी उघडायची.