जुन्या बॅटऱ्या नगावर द्यायच्या की किलोवर? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

बी-२०४ (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी. लिफ्टच्या बॅकअपच्या सहा जुन्या बॅटऱ्या काढून पार्किंगच्या कोपऱ्यात ठेवल्यात, शिवाय गेटच्या यूपीएसमधल्या चार छोट्या आहेत. आज एक भंगारवाला बघून गेला, मोठ्यांना नगावर भाव सांगितला आणि छोट्यांचं म्हणाला की त्यात काही नसतं, अशाच द्या. संध्याकाळी टेम्पो आणतोय. द्यायच्या का?

सी-३०१: देऊन टाका, माझी गाडी वळत नाही तिथे.

ए-१०३: थांबा जरा. माझ्या भावाच्या ऑफिसने मागच्याच महिन्यात याच मापाच्या बॅटऱ्या काढल्या, त्याला आत्ताच फोन करून विचारलं, त्यांना याच्या दीडपट मिळालेत.

बी-२०४ (सेक्रेटरी): दीडपट? मग टेम्पो थांबवतो. ए-५०२ काका, तुम्ही टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये होतात ना, जरा सांगा हो.

ए-५०२ काका: हो, २६ वर्षं होतो. २ व्होल्टचे २४ सेल जोडून ४८ व्होल्टची बँक असायची, एकेक सेल उचलायला दोन माणसं लागायची. बॅटऱ्या बदलल्या की जुन्यांचा लिलाव व्हायचा, आणि तो नगावर कधीच नाही, कायम किलोवर. कारण साधं आहे, भंगारवाला बॅटरी विकत घेत नाही, तो शिसं विकत घेतो. आपल्याला वाटतं बॅटरी मेली म्हणजे संपली, पण मेली तरी आतलं शिसं कुठे जात नाही, प्लेटांवर नुसतं त्याचं सल्फेट होऊन बसतं आणि भट्टीत गेलं की परत शिसं होतं. गाडीच्या बॅटरीत साधारण ६० टक्के वजन शिशाचं असतं. आपल्या या उंच ट्यूब्युलर, म्हणजे नळीसारख्या प्लेटांच्या आहेत, त्यात ऍसिड जास्त मावतं म्हणून शिशाचा वाटा थोडा कमी, पण बॅटरीच अवजड असल्यामुळे एका नगात शिसं कितीतरी जास्त. आता नगावर भाव लावला की लहान-मोठं, कोरडं-भरलेलं सगळं झाकलं जातं आणि फायदा नेहमी घेणाऱ्याचाच होतो. त्यामुळे पहिलं काम वजन. भावाचं नंतर बघू.

ए-१०३: काका, पण भाव बरोबर आहे का नाही हे आपल्याला कळणार कसं?

ए-५०२ काका: शिशाचा जगाचा भाव लंडन मेटल एक्स्चेंजवर ठरतो, डॉलरमध्ये, टनाला. नेटवर दिसतो. त्याला हजाराने भागा, आपल्या पैशात करा, झाला शुद्ध शिशाचा किलोचा भाव. बॅटरीत शिसं साधारण निम्मं किंवा थोडं वर धरलं तर भरलेल्या, म्हणजे ऍसिडसकट बॅटरीच्या किलोमागे जास्तीत जास्त किती, ही वरची रेघ मिळते. तेवढे कोणीच देणार नाही, त्याला गाडीभाडं आहे, भट्टीचा खर्च आहे, गाळताना घट आहे, स्वतःचा नफा आहे. पण त्या रेघेच्या किती खाली तो बोलतोय एवढं तरी कळतं ना. आणि हा भाव रोज हलतो, म्हणून तीन जणांना विचारायचं तर एकाच दिवशी विचारा. एकाचा आजचा आणि दुसऱ्याचा पंधरा दिवसांपूर्वीचा भाव शेजारी ठेवून काही उपयोग नाही.

सी-४०२ ताई: मी आत्ता दोघांना फोन केला. गोंधळ झालाय, पहिला म्हणतो "ऍसिड काढून" अमुक भाव, दुसरा म्हणतो "भरलेली" तमुक भाव, आणि दुसऱ्याचा बराच कमी आहे. म्हणजे पहिल्यालाच द्यायच्या ना?

ए-५०२ काका: ताई बरं झालं विचारलंत, सगळी मेख इथेच असते. समजा भरलेली बॅटरी ५३ किलो आहे आणि त्यात ऍसिड १५ किलो. म्हणजे कोरडी ३८. कोरड्याला किलोमागे १०० भाव आहे असं नुसतं धरा, तर बॅटरीचे झाले ३८००. आता तेच ३८०० भरलेल्या ५३ किलोवर वाटले तर किलोमागे ७२ च्या आसपास येतात. म्हणजे कोरड्याचा १०० आणि भरलेल्याचा ७२ हा एकच भाव आहे, दिसायला मात्र एक मोठा दिसतो आणि एक छोटा. म्हणून दोघांकडून एकाच पद्धतीने भाव घ्या, मला विचाराल तर भरलेल्याचाच, कारण जे समोर काट्यावर चढतं त्याचेच पैसे, मधे अंदाज नाही.

आणि आता खरी लबाडी सांगतो. काही जण फोनवर भरलेल्याचा, म्हणजे कमी, भाव ठरवतात आणि इथे येऊन वजन झाल्यावर म्हणतात "आता ऍसिडचे १५ किलो कट होणार". अरे, ऍसिड आहे म्हणून तर तू भाव कमी लावलास! ३८ गुणिले ७२ म्हणजे २७३६. एका बॅटरीमागे हजाराच्या वर गेले, चौथ्या हिश्शापेक्षा जास्तच उडाले, आणि माणसाला वाटतं ऍसिडचं वजन कापणं रास्तच आहे. या एका वाक्याला लोक कायम फसतात. फोनवरच विचारून ठेवा की काट्यावर चढल्यावर काही कट आहे का, आणि ते मेसेजमध्ये लिहून घ्या.

सी-४०२ ताई: बाप रे. दुसऱ्याला लगेच परत विचारते. पहिल्यालाही भरलेल्याचा भाव सांगायला लावते.

बी-१०३: मग सोपं आहे की, आपणच ऍसिड ओतून टाकू आणि कोरड्या विकू. भाव जास्तीचा आणि भांडणच नको.

ए-००१ काकू: नाही. अजिबात नाही. मी तळमजल्यावर राहते म्हणून सांगते. मागच्या वेळी बॅटऱ्या काढल्या तेव्हा त्या माणसाने वजन हलकं करायला माझ्या खिडकीखालच्या गटारात सगळ्यांचं ऍसिड ओतलं. दुपारची वेळ, कोणी बघायला नव्हतं. तिथलं गवत जळालं, फरशीला अजून पांढरे डाग आहेत. झाडायला येतात त्या बाईंची साडी खालून भोकं पडून विरली, पायालाही चट्टा उठला, आणि त्यांना कोणी सांगितलंसुद्धा नव्हतं की ते पाणी नाहीये. मुलं चेंडू काढायला त्याच गटारात हात घालतात. थोडे पैसे कमी मिळाले तरी चालतील पण या आवारात एक थेंब ओतायचा नाही.

ए-५०२ काका: काकूंचं शंभर टक्के बरोबर. ते नुसतं गंधकाचं आम्ल नसतं, जुन्या बॅटरीत त्यात शिसंही मिसळलेलं असतं. आम्ल धुऊन जाईल, शिसं मातीतून जात नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शरीराला सुरक्षित अशी शिशाची पातळीच माहीत नाही, आणि सगळ्यात जास्त धोका लहान मुलांच्या मेंदूला. सेनेगलमध्ये डाकारजवळ एका वस्तीत लोक जुन्या बॅटऱ्या फोडून, मातीतून शिसं चाळून विकायचे. २००७ च्या नोव्हेंबरपासून २००८ च्या मार्चपर्यंत तिथली १८ लहान मुलं गेली. बॅटरी फोडायचं काम कुठे, कसं होतंय हे म्हणूनच महत्त्वाचं. उघड्यावर फोडणारा दोन पैसे जास्त देऊ शकतो, कारण ऍसिड निर्धोक करायचा खर्च तो करतच नाही. त्यामुळे परवाना असलेला, बॅटऱ्या पुढे कारखान्यात पाठवणारा घेणारा बघा, आणि ऍसिडसकट बॅटरी उभी घेऊन जाणारा.

बी-१०३: सॉरी काकू, मला खरंच माहीत नव्हतं. ओतायचं रद्द.

सी-३०१: नवीन घेतल्या त्या दुकानात एक्स्चेंजला का नाही दिल्या?

बी-२०४ (सेक्रेटरी): विचारलं होतं. जुन्या दिल्या तर इतके कमी, असा आकडा दिला होता. पण जुन्या न देता नवीनचा शेवटचा भाव किती, हे आधी विचारायला हवं होतं ते राहून गेलं. ताईंनी आज तो विचारला तर फारसा फरकच निघाला नाही, म्हणजे एक्स्चेंजच्या नावाखाली जुन्या जवळपास फुकटच जात होत्या.

ए-५०२ काका: अजून एक. सहाच्या सहा मेल्यात का? ओळीत एक खराब झाली की सगळी बँक बसते आणि आपण सगळ्या भंगारात काढतो. मी चार्ज करून, रात्रभर ठेवून सकाळी मीटर लावतो. १२.६ व्होल्टच्या आसपास टिकली आणि लोडवर बसली नाही तर ती चालू बॅटरी आहे. १०.५ ला आली तर तिच्या आतल्या सहा सेलपैकी एक गेला, ते भंगार.

ए-१०३: आणि त्या छोट्या? खरंच काही नसतं का त्यात?

ए-५०२ काका: शिसंच असतं हो! १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे साठवायची क्षमता) आहे, एकेक नग दोन किलोच्या वर भरतो. त्यात ऍसिड मोकळं नसतं, काचेच्या तंतूच्या जाळीत शोषलेलं असतं, म्हणजे कापायलाही काही नाही. मोठ्यांबरोबर काट्यावर चढवा.

बी-३०२: माझ्याकडे स्कूटरची जुनी लिथियम बॅटरी आहे, ती पण यातच देऊ का? आणि मुलांच्या खेळण्यातले पेन्सिल सेल, पिशवीभर साठलेत.

ए-५०२ काका: लिथियम यात कृपा करून मिसळू नका. शिशाच्या बॅटऱ्यांच्या ढिगात एखादी लिथियम गेली आणि ती फोडताना किंवा भट्टीत फुटली तर तिथल्या कामगाराच्या जिवावर बेतेल. तिचा हिशोबच वेगळा, आत निकेल-कोबाल्ट असलं तर किंमत, लोह-फॉस्फेटची असेल तर भंगारात फार कमी, म्हणून आधी लेबल वाचा आणि स्कूटरच्या कंपनीकडेच विचारा. टर्मिनलवर चिकटपट्टी लावून ठेवा, फुगली असेल तर घरात ठेवू नका. पेन्सिल सेलला भाव नाही, ते ई-कचऱ्याच्या डब्यात.

सी-४०२ ताई: तिघांचे भाव आले, तिन्ही भरलेल्याचे, आजचेच, काही कट नाही असं लेखी. सगळ्यात जास्तवाला परवाना पाठवायला तयार नाही. दुसऱ्याने पाठवला, किलोमागे थोडंच कमी आहे. मी दुसऱ्याला रविवारी सकाळी दहाला बोलावलंय.

*(रविवार)*

बी-२०४ (सेक्रेटरी): झालं काम. काकांच्या सांगण्यावरून आधी पाण्याचे २० लिटरचे चार भरलेले कॅन काट्यावर चढवले. रिकामे कॅन घरच्या काट्यावर मोजून ठेवले होते, ते धरून ८३ किलो यायला हवे होते. काट्याने ७९ दाखवले! शून्य मात्र बरोबर दाखवत होता, म्हणजे नुसतं शून्य बघून आपण गप्प बसलो असतो. तो माणूस म्हणाला काटा बिघडलाय, मुद्दाम की खरंच ते देव जाणे, पण वाद न घालता दुसरा काटा मागवला. त्यावर ८३ आले, मगच बॅटऱ्या चढवल्या.

वजनं: ५३.२, ५२.८, ५४.१, ५१.६, ५३.९, ४९.४. एकूण ३१५ किलो. शेवटची कमी कारण तिच्यातलं पाणी उडालेलं, डिस्टिल्ड वॉटर कोणी टाकलंच नव्हतं. ५४.१ वाली चालू निघाली, ती गेटच्या दिव्यांसाठी ठेवली. बाकीच्या पाच २६०.९ किलो, आणि छोट्या चार ८.८ किलो.

ए-१०३: पहिल्या काट्यावर दिल्या असत्या तर मोठ्यांतच साडेबारा किलो गेले असते, आत्ता हिशोब केला.

सी-४०२ ताई: नगाच्या भावापेक्षा दीडपटीच्या थोडे वरच मिळाले, आणि छोट्यांचे वेगळे, ते तर तो फुकट नेणार होता. पावतीवर नग, वजन, भाव आणि बॅटऱ्यांचे नंबर लिहून घेतलेत, फोटो टाकते.

ए-००१ काकू: मी खिडकीतच उभी होते. सगळ्या उभ्या ठेवून नेल्या, झाकणं लावून. एकीच्या खाली ओल दिसली तिथे फेस थांबेपर्यंत सोडा टाकून मग पाणी मारून घेतलं, झाडणाऱ्या बाईंना आधी सांगून बाजूला केलं होतं.

बी-२०४ (सेक्रेटरी): पैसे सोसायटीच्या खात्यात आले. काकूंच्या खिडकीखालच्या फरशीचं काम यातूनच करून घेतो, कोणाची हरकत असेल तर आजच सांगा.

सी-३०१: हरकत नाही. गाडी पण वळली.