कारस्थानी, बेरकी की पाताळयंत्री? माइक बॉल्डविनला मराठीत काय म्हणाल?

रुखवत

मंडळी, एक शब्द अडलाय. इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी ब्रिटिश मालिकांवर लेख लिहितेय. त्यात 'कॉरोनेशन स्ट्रीट'मधला माइक बॉल्डविन येणारच. मी लिहिलं, 'कारस्थानी कारखानदार'. अनुप्रासही साधला म्हणून खुशीत होते. संपादकांनी त्यावर काट मारून समासात लिहिलं, 'कारस्थानी सासू असते. याला दुसरं काही बघा.'

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मालिका ९ डिसेंबर १९६० ला सुरू झाली आणि अजून संपलेली नाही. वेदरफील्ड हे काल्पनिक गाव, सॅलफर्डवर बेतलेलं. विटांच्या घरांची एक आळी, कोपऱ्यावर 'रोव्हर्स रिटर्न' हा पब. १९७६ मध्ये लंडनहून हा माइक येतो आणि डेनिमचे कपडे शिवायचा कारखाना टाकतो. आळीतल्या कितीतरी बाया त्याच्याकडे मशीनवर. हाती सिगार, अंगात सूट, पैसा टाकला की माणूस विकत मिळतो यावर श्रद्धा. आणि आळीतल्या केन बार्लो या मास्तराच्या बायकोवर, डिअर्ड्रीवर, डोळा. कारस्थानी नाही तर काय म्हणू याला?

अर्धविराम

तुमच्या संपादकांना बारभाई आठवायला सांगा. नारायणरावांच्या खुनानंतर राघोबादादांना गादीवरून दूर ठेवायला नाना फडणीस, सखारामबापू, हरिपंत फडके वगैरे मंडळी एकत्र आली, तान्ह्या सवाई माधवरावांच्या नावानं कारभार हाकू लागली. त्याला आपण शाळेत काय म्हणून शिकलो? बारभाईंचं कारस्थान! त्यात सासू एकही नव्हती. आणि ते पाठ्यपुस्तकात कौतुकानंच सांगितलेलं असे.

मूळ शब्द फारसी 'कारस्तान'. मोठं काम, पराक्रम, कामगिरी. 'स्थान' ही आपण मागाहून चढवलेली संस्कृत टोपी. हिंदीत 'कारस्तानी' म्हणजे खोड्या, उचापती. आपल्याकडे तो राजकारणाच्या दालनात गेला आणि तिथून मालिकांच्या कृपेनं स्वयंपाकघरात आला. 'राजकारण'चा प्रवासही बघा. रामदासांनी हरिकथेच्या खालोखाल ठेवलेला शब्द, आज हापिसात कुणी 'राजकारण करतोय' म्हटलं तर ती शिवी.

चाळकरी

एवढं कशाला. 'चॅप्टर' लिहा. 'माइक हा एक नंबरचा चॅप्टर माणूस.' गिरगाव ते डोंबिवली कुणालाही विचारा, एका शब्दात कळेल.

शुद्धमती

दिवाळी अंकात 'चॅप्टर'? मराठीत 'कपटी' आहे, 'कुटिल' आहे. आपल्या घरात सोनं असताना फारसी आणि इंग्रजी उसनवारी कशाला?

चाळकरी

ताई, 'कुटिल' म्हटलं की डोळ्यासमोर मुकुट येतो आणि मागे तुतारी वाजते. हा माणूस पबमध्ये व्हिस्की पितोय.

शुद्धमती

शब्द वापरला नाही म्हणून तो मुकुटात अडकून पडतो. 'महापौर' आणि 'दिग्दर्शक' यांनाही लोक आधी हसलेच होते. सावरकरांनी लावून धरले, आज कुणाला ते घडवलेले वाटतात का? तुम्ही चार वेळा 'कुटिल' लिहा, पाचव्यांदा खटकणार नाही.

सॅलफर्डकर

मी या भागात बरीच वर्षं आहे. माझ्या पहिल्या घरमालकीणबाई सोमवारी आणि बुधवारी संध्याकाळी फोन उचलत नसत, कारण 'कॉरी'. त्यांच्याकडूनच माझं सगळं शिक्षण. म्हणून शब्दाआधी माणसाबद्दल दोन गोष्टी.

माइक कारस्थानी आहे, हेच मला पटत नाही. कारस्थानाला थंड डोकं लागतं. हा तापट. याच्या कारखान्यात आयव्ही टिल्सली ही युनियनची बाई, तिच्यासमोर याची बहुतेक कारस्थानं दुपारच्या चहापर्यंतही टिकत नसत. जॅकी इंग्रम या पैसेवाल्या विधवेशी लग्न केलं, ते आठवडाभरच चाललं, शेवटी तिनं बंदूकच रोखली. केनची मुलगी सुझन, तिच्याशी १९८६ मध्ये लग्न केलं, तेही मोडलं. ती गरोदर होती, तिनं गर्भपात केल्याचं याला सांगितलं आणि यानं ते खरं मानलं. पोरगा मात्र जन्मला होता, आणि याला ते कळलं तेव्हा पोरगा शाळकरी वयाचा झाला होता. म्हणजे माइकचा मुलगा तो केनचा नातू! मोठं कारस्थान झालं ते याच्याविरुद्ध.

डिअर्ड्रीचं प्रकरण १९८३ चं. ती नवऱ्याला सोडून माइककडे जाणार की नाही, याची चर्चा सगळ्या देशात होती. फेब्रुवारीतल्या ज्या रात्री तो भाग लागला, त्याच रात्री ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेड आणि आर्सेनलचा सामना चालू होता. प्रेक्षकांचा अर्धा जीव टीव्हीकडे. तेव्हा डिअर्ड्री केनजवळच राहिली ही बातमी मैदानावरच्या धावफलकावर झळकवली आणि सगळं मैदान ओरडलं. घरमालकीणबाई हे सांगताना दर वेळी उभ्या राहायच्या.

तर अशा, डाव मांडून हरणाऱ्या माणसाला काय म्हणतात ते सांगा.

पंचगंगा

फुटबॉलच्या मैदानावर धावफलक? धावा कोण काढतंय तिथं? 'गुणफलक' म्हणा की राव.

सॅलफर्डकर

गोलफलक म्हणतो. झालं समाधान?

पंचगंगा

झालं. आता मुद्द्याचं. आमच्याकडं अशा माणसाला 'बेरकी' म्हणतात. बेरकी माणूस कायम जिंकतोच असं नाही, पण त्याच्या डोळ्यात ते दिसतं. समोरचा किती पाण्यात आहे ते बोलता बोलता मोजत असतो. आमच्या गल्लीत एक सूतवाले होते, दुकानात शिरलं की आधी चपलांकडं बघायचे, मग भाव सांगायचे. त्यांना कुणी कारस्थानी म्हटलं नाही. बेरकीच.

आणि 'कारखानदार' बरोबर आहे. इचलकरंजीत शेडमध्ये चार माग असले तरी माणूस कारखानदार असतो. 'उद्योजक' म्हटलं की त्याला पुरस्कार द्यावासा वाटतो, गळ्यात हार दिसतो. 'धंदेवाईक' म्हणाल तर सरळ शिवी. 'व्यावसायिक' म्हणजे बिल्डर, तो स्वतःच्या फ्लेक्सवर स्वतःला म्हणवून घेतो तो. मशीनवर बाया बसवून पॅंटी शिवून घेणारा तो कारखानदार.

सॅलफर्डकर

पॅंट्स. डेनिमच्या. पॅंटी पुढच्या काळात, 'अंडरवर्ल्ड' नावाचा अंतर्वस्त्रांचा कारखाना काढला तेव्हा.

चाळकरी

कारखान्याचं नाव अंडरवर्ल्ड, आणि तुम्ही म्हणता कारस्थानी नाही.

कोरांटी

'बेरकी'ला माझाही होकार, पण इथे दोन वेगळे प्राणी एका पिंजऱ्यात चाललेत. त्याच मालिकेत पुढे रिचर्ड हिलमन आला, २००१ मध्ये. आर्थिक सल्लागार. बोलायला मऊ, नीटनेटका, म्हाताऱ्या माणसांना राहत्या घरावर पैसे मिळवून देण्याच्या योजना समजावणारा. आळीतल्या विधवा, आजीबाई सगळ्यांचा लाडका. आणि पैशाची चणचण लागली की माणूस मारणारा. पहिली बायको मारली, पुरून टाकली. एमिली या म्हातारीला मारायला गेला, मध्ये मॅक्सीन आली, ती मेली. शेवटी २००३ मध्ये नवी बायको, तिची मुलं यांना गाडीत कोंबून गाडी कालव्यात घातली. ती वाचली, हा बुडाला.

माइक आणि हा, दोघांनाही 'कारस्थानी' कसं चालेल? हिलमन पाताळयंत्री. 'आतल्या गाठीचा' हाही त्यालाच. माइकची गाठ बाहेरूनच दिसते.

अर्धविराम

'आतल्या गाठीचा' म्हणजे मनातलं न बोलणारा, एवढंच. त्यात वाईटपणा असतोच असं नाही. आमचे वडील आतल्या गाठीचे होते, कालव्यात कुणाला घातलं नाही.

कोरांटी

बरं. पण 'पाताळयंत्री'वर वाद नसावा.

औषधीखल

वाद आहे. हा शब्द कुठून आला ते आधी बघू. पाताळयंत्र ही रसशास्त्रातली खरीखुरी वस्तू आहे. माझे आजोबा वैद्य, परसात त्यांनी केलेलं मी पाहिलंय. जमिनीत खड्डा करायचा, त्यात एक भांडं ठेवायचं. त्याच्यावर बुडाला भोक पाडलेलं मडकं बसवायचं, मडक्यात बिब्बे. तोंड बंद करून सगळ्या सांध्यांना कापडमाती लावायची, खड्डा बुजवायचा, आणि वरून गोवऱ्या रचून पेटवायच्या. आपण नेहमी जाळ खाली आणि पातेलं वर ठेवतो, इथे उलटं. जाळ वर, आणि तेल थेंब थेंब खालच्या भांड्यात, जमिनीच्या पोटात. वर उभ्या माणसाला नुसत्या गोवऱ्या जळताना दिसतात. खाली काय जमतंय याचा पत्ता नाही.

पाताळयंत्री माणूस हाच. मला तर यात शंकाच वाटत नाही.

अर्धविराम

चित्र सुरेख आहे, पण व्युत्पत्ती सुरेख असली की मी खिसा चाचपतो. यंत्र म्हणजे मंत्र-तंत्राच्या जोडीचं यंत्रही असतं. पाताळापर्यंत ज्याची यंत्रणा, युक्ती, जादूटोणा पोचतो तो पाताळयंत्री. बिब्ब्याचं तेल काढायची गरजच नाही. किती लोकांना वैद्याची ही कृती ठाऊक असणार? शब्द चार घरांत राहून गावभर होत नाही.

औषधीखल

किती लोकांनी घोड्याला रिंगणात फिरवलंय? तरी 'कावा' गावभर आहेच ना. तो शब्द घोड्याच्या रिंगणातून आला, गनिमी काव्यात शिरला, आणि आता 'कावेबाज' म्हणून भाजीवाल्यालाही लागतो.

शुद्धमती

कावा पुन्हा फारसी. बघा, वाईट माणसासाठी शब्द हवा झाला की आपण फारसीकडे धावतो. संस्कृतातून 'धूर्त' घ्या ना, स्वच्छ.

अर्धविराम

'धूर्त' स्वच्छ? संस्कृतात तो जुगारी, ठक. जुन्या मराठीत येता येता शहाणा, चतुर झाला, दासबोधात तो कौतुकानं येतो. आज पुन्हा खाली घसरलाय. त्या शब्दानं जेवढ्या बाजू बदलल्या तेवढ्या माइकनंही नसतील.

सॅलफर्डकर

बाजू बदलण्यावरून आठवलं. केनही काही धुतल्या तांदळाचा नव्हता. १९८९ मध्ये त्याचं दुसऱ्या बाईशी प्रकरण झालंच. पण तो मास्तर, पुस्तकं वाचणारा, त्याच आळीत वाढलेला. म्हणून त्याला 'चुकला बिचारा'. माइक लंडनचा, दक्षिणेकडचा, उच्चार वेगळे, नोकऱ्या देणारा. म्हणून त्यानं तेच केलं की डाव. कारस्थानी हा शब्द माणसाच्या करणीपेक्षा तो कुठून आला यावर जास्त ठरतो असं माझं मत झालंय. आमच्या घरमालकीणबाई माइकला जे म्हणायच्या ते इथं लिहिता येणार नाही. पण २००६ मध्ये स्मृतिभ्रंश झालेला माइक रस्त्यावर, त्याच केनच्या हातांत मेला, तेव्हा त्या रडल्या. आणि दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, 'आता सोमवारी शिव्या कुणाला घालू?'

रुखवत

सॅलफर्डकर, हे लेखात घेऊ का?

आणि बाकीच्यांनो, मला उद्या मजकूर द्यायचाय. आत्तापर्यंत कारस्थानी, चॅप्टर, कुटिल, कपटी, बेरकी, पाताळयंत्री, आतल्या गाठीचा, कावेबाज आणि धूर्त इतके झाले. मला एक हवाय. 'बेरकी कारखानदार' लिहिलं तर संपादक विदर्भातल्या आहेत, त्यांच्या कानाला जाईल का?

सॅलफर्डकर

घ्या. नाव नको.

पंचगंगा

विदर्भात बेरकी माहीत नाही होय? मग तिकडं काय म्हणतात?

चाळकरी

'पोचलेला' चालेल का? 'पोचलेला कारखानदार'.

कोरांटी

'पोचलेला' साधूही असतो. घोटाळा होईल.

बोरीबंदर

उशिरा येतोय. वरचं सगळं वाचलं नाही, फक्त बिब्ब्याचं वाचलं. औषधीखल, 'बिब्बा घालणे' हा वाक्प्रचार याच्याशी जुळतो का? म्हणजे जमत आलेल्या कामात मोडता घालणे. माझी आजी म्हणायची की बिब्ब्याचा डाग धुतला तरी जात नाही, परीट त्यानंच कपड्यांवर खुणा करायचे, म्हणून चांगल्या कापडावर बिब्बा पडला की संपलं.

औषधीखल

डागापेक्षा तेल अंगाला लागलं की उततं, फोड येतात, त्यावरून असावा. कुणाच्या चांगल्या चाललेल्या गोष्टीत बिब्बा घालणं म्हणजे फोड आणणं. आजोबा तेल काढताना हातांना खोबरेल चोपडून बसत, आणि आम्हा पोरांना अंगणाच्या पलीकडे उभं करत.

अर्धविराम

मला परिटाचं पटतं. डाग जात नाही, हा मुद्दा वजनदार आहे.

औषधीखल

तुम्हाला आमच्या वैद्यांचं काहीच पटत नाही.

पंचगंगा

बिब्ब्याच्या आतली गोडंबी कुणी खाल्लीय का? आमच्याकडं थंडीच्या लाडवात घालतात. फोडायची कशी ते मात्र आईलाच जमायचं.

बोरीबंदर

ती फोडताना राख लावतात ना हाताला? की खोबरेलच?