विंडोज १० संपलं: जुन्या संगणकावर लिनक्स टाकावं की नवा संगणक घ्यावा?

संत्रापट्टा (काटोल तालुका)

विषय सरळ मांडतो. विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. आपल्याकडच्या सेवा केंद्रांत, शाळांत, कृषी केंद्रांत आजही २०१७ च्या आधीचे संगणक कामात आहेत. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. संगणक धडधाकट आहे, पडदा चांगला आहे, कीबोर्ड चांगला आहे, पण या अटीत बसत नाही म्हणून तो बाद.

दुकानात गेलं की तीन उत्तरं मिळतात. नवा घ्या. नाहीतर अट चुकवून ११ मारून देतो. नाहीतर आहे तसंच चालू द्या. मला तिन्ही पटत नाहीत. अट चुकवून टाकलेल्या ११ ला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आणि सोबत क्रॅक मारून दिलेली असेल तर काम आणखी बिघडतं, कारण त्या क्रॅकसाठी अँटिव्हायरस बंद करायला लावतात आणि तिच्या पोटात काय आहे हे दुकानदारालाही ठाऊक नसतं.

माझं मत: असे संगणक लिनक्स मिंटवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट प्रणालीवर, न्यावेत. मिंट २२ ला २०२९ च्या एप्रिलपर्यंत सुरक्षा अपडेट आहेत. चार जीबी रॅमवर त्याची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती नीट चालते. महाडीबीटीचा अर्ज, सातबारा, पीकविमा, ई-मेल ही सगळी कामं ब्राउझरमध्ये होतात. तिथे खाली कोणती प्रणाली आहे याने फरक पडत नाही. पत्र आणि हिशोबाच्या तक्त्यांना लिब्रेऑफिस पुरतं. परवाना फुकट आणि खरा. विरोध असेल तर कारणासकट लिहा.

सेतूचालक (दारव्हा)

कारणासकटच लिहितो भाऊ. तुम्ही ब्राउझरचं बोलता, माझं पोट अंगठ्यावर आहे. आधारवरून पैसे काढून देणं, ई-केवायसी, हयातीचा दाखला, सगळीकडे अंगठ्याचं मशीन. त्याला आरडी सर्व्हिस, म्हणजे मशीन आधारशी जोडणारं सॉफ्टवेअर, लागते, आणि मशीनवाल्या कंपन्या ती विंडोज आणि अँड्रॉइड धरून देतात. त्यापुढे डिजिटल सहीचं टोकन. त्याचा ड्रायव्हर लिनक्सला मिळालाच, तरी ज्या पोर्टलवर सही करायची त्याचं सही करणारं सॉफ्टवेअर विंडोजसाठीच लिहिलेलं सापडतं.

जूनमध्ये माझ्या दारात उत्पन्नाच्या आणि नॉन-क्रिमिलेयरच्या दाखल्यांची रांग असते. जुलैअखेर पीकविमा. म्हातारी बाई तीन कोसांवरून आलेली असते, तिला मी 'आई, ड्रायव्हर बसत नाही, उद्या या' असं सांगू? ज्याचा धंदा मशीनवर आहे त्यानं मशीन ज्या प्रणालीवर चालतं तीच घ्यावी. पैसे लागतात हे खरं, पण नवा संगणक हा धंद्याचा खर्च आहे.

खतावणी (वाशिम)

सेतूचालकांना अनुमोदन. टॅली विंडोजसाठी आहे. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं 'वाईन' वापरून तिथे टॅली चालवणारे आहेत, पण जीएसटीच्या तारखेला काही अडलं तर टॅलीवाला मदत करणार नाही आणि वाईनवालाही नाही. लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्यांचंही तसंच. कोरलड्रॉ लिनक्सवर नाही. विषय संपला.

पऱ्हाटी (घाटंजी)

राजेहो, तुमी सगळे एक गोष्ट इसरता. आमच्या गावात नेट म्हणजे मोबाईलचा हॉटस्पॉट. दिवसाले मिळते दीड-दोन जीबी, अन एक मोठं अपडेट आलं की ते सगळं खाऊन टाकते. मंग दिवसभर काम कायच्यावर करावं? त्यात लाईनचा भरोसा नाई. पडद्यावर 'संगणक बंद करू नका' लिहून येते अन तेवढ्यात लाईन जाते. सगळ्यायजवळ इन्व्हर्टर नसते.

म्हणून माहं मत असं, की विंडोज ठेवा का लिनक्स ठेवा, अपडेटच बंद करून टाका. ट्रॅक्टर चांगला चालू हाय तं दर महिन्याले त्याचं इंजिन कोनी खोलते का? अन अपडेटनंच तं २०२४ च्या जुलैत जगभर विमानं थांबले. ज्यानं अपडेट घेतलं तो अडकला, ज्यानं नाई घेतलं त्याचं काम चालू रायलं. हे खोटं हाय का?

मास्तर_बुलडाणा

पऱ्हाटी भाऊ, तुमची हॉटस्पॉटची आणि लाईनची अडचण शंभर टक्के खरी आहे, पण त्यावरचा उपाय चुकीचा आहे. १९ जुलै २०२४ ला ८५ लाखांच्या आसपास विंडोज संगणक बंद पडले ते विंडोजच्या अपडेटमुळे नाही. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाईल सगळीकडे एकदम गेली. ते सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्या वापरतात. आपल्या केंद्रात ते नसतं.

याच्या उलट उदाहरण २०१७ चं आहे. वॉनाक्राय नावाची खंडणीची कीड १२ मे ला पसरली, फाईली कुलूपबंद करून पैसे मागू लागली. ज्या भोकातून ती शिरत होती ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलेलं होतं, म्हणजे जवळपास दोन महिने आधी. अपडेट घेतलेले संगणक त्यातून वाचले. ज्यांनी ते घेतलं नव्हतं त्यांच्यात इंग्लंडमधली सरकारी रुग्णालयंही होती, तिथे रुग्णांना परत पाठवावं लागलं.

आता तुमच्या अडचणीचं. विंडोजच्या वाय-फाय सेटिंगमध्ये तुमच्या हॉटस्पॉटवर 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. मग बहुतेक अपडेट आपोआप उतरत नाहीत. शिवाय अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतात. विंडोजचं मासिक सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतं, म्हणजे ते कधी येणार हे आधीच कळतं. केंद्रात तीन-चार संगणक असतील तर 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' चालू ठेवा, एकानं उतरवलेलं अपडेट बाकीचे आपसात घेऊ शकतात, डेटा वाचतो. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली असताना, तालुक्याला कुठे चांगलं नेट मिळेल तिथे बसून महिन्याचं काम उरकता येतं. बंद करणं आणि आपल्या वेळेला घेणं यात फार अंतर आहे.

शाळेबद्दल मात्र मी संत्रापट्टांच्या बाजूचा आहे. केरळमध्ये सरकारी शाळांतलं संगणक शिक्षण कित्येक वर्षांपासून उबुंटू या लिनक्सवर आधारलेल्या मुक्त प्रणालीवर चालतं. तिथे आधी शिक्षकांना शिकवलं गेलं, मग मुलांना. आमच्या वर्गातल्या पोरांना मिंट दिलं तेव्हा त्यांना काही वेगळं वाटलं नाही. अवघड गेलं ते मोठ्यांना. मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड दोन्हीकडे असतो, युनिकोड मराठी दोन्हीकडे तीच उमटते. कृतिदेवमधल्या जुन्या फाईली आहेत त्यांच्यासाठी तो फाँट लिनक्समध्ये टाकला की त्याही दिसतात.

खतावणी

सर, शाळेचं वेगळं. शाळेत संगणक आठवडाभर बंद राहिला तर परीक्षा बुडत नाही. आणि एक सांगा, लिनक्स सुरक्षित असा जो सूर इथे लागतोय तो कशाच्या जोरावर? २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या, फाईली दाबून लहान करणाऱ्या लिनक्सवरच्या साध्या साधनात चोरदरवाजा सापडला. कोणीतरी दोन-अडीच वर्षं मदतनीस म्हणून विश्वास कमावला आणि मग तो आत घातला. मायक्रोसॉफ्टच्याच एका अभियंत्याला, अँड्रेस फ्रॉइंडला, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो असा संशय आला म्हणून तो पकडला गेला.

संत्रापट्टा

खतावणी, उदाहरण बरोबर आहे, पण पूर्ण सांगा. ते खराब रूप मुख्यतः चाचणीच्या आणि सतत बदलत्या आवृत्त्यांपर्यंतच पोचलं होतं. मिंट ज्यावर उभं आहे त्या उबुंटूच्या स्थिर आवृत्तीत ते गेलं नाही. कोड उघडा होता म्हणून बाहेरच्या माणसाला तो तपासता आला. लिनक्सला धोका नाही असं मी म्हटलेलंच नाही. मिंटलाही अपडेट लागतात. फरक एवढाच की ती जबरदस्तीनं सुरू होत नाहीत, काम चालू असताना संगणक आपण होऊन पुन्हा चालू होत नाही, आणि टाइमशिफ्ट हे जुनी स्थिती जपून ठेवणारं साधन आधी लावून ठेवलं असेल तर बिघडलेलं अपडेट मागे घेता येतं. लाईनचा भरोसा नसलेल्या गावात ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

सेतूचालक भाऊंचं अंगठ्याचं म्हणणं मी मान्य करतो. त्या एका संगणकावर खरं, परवान्याचं विंडोज ११ ठेवा. पण केंद्रात एकच संगणक असतो का? फॉर्म भरणारा, झेरॉक्स-प्रिंट काढणारा, फोटो कापणारा, या सगळ्यांना अंगठा लागत नाही.

बचतगट_ताई (मेहकर)

इतका वेळ सगळे संगणकाबद्दल बोलताय, म्हणून मी त्यातल्या कागदांबद्दल बोलते. आमच्या केंद्रातल्या डाउनलोडच्या फोल्डरमध्ये गावातल्या जवळपास प्रत्येक घराचं आधार, पासबुकाची प्रत, जातीचा दाखला, सातबारा पडून आहे. काम झालं की कोणी पुसत नाही. मिटिंगमध्ये मी हे काढलं तर 'ताई, पुन्हा लागतात' असं उत्तर मिळालं. ज्या बायांनी आमच्या भरवशावर अंगठा दिला त्यांना यातलं काही माहीत नाही. उद्या चोरी झाली तर नुकसान त्यांचं, आणि बोलणं आम्हाला.

म्हणून माझं म्हणणं प्रणालीपेक्षा वेगळं आहे. सुरक्षा अपडेट न मिळणाऱ्या संगणकावर गावाचं आधार ठेवायचं नाही, मग तो विंडोजचा असो की लिनक्सचा. ज्यांना लगेच बदल जमत नाही त्यांच्यासाठी घरगुती वापराच्या विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा दुरुस्ती आहे. २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंगची प्रत मायक्रोसॉफ्टच्या त्या खात्यात ठेवली तर पैसे लागत नाहीत. ही सोय घरच्या संगणकाची आहे, कचेरीतल्या संगणकांना वेगळी आणि विकतची. तेवढ्या मुदतीत आधी फोल्डर रिकामे करा.

पऱ्हाटी

ताई, हे मात्र पटलं. मास्तर, तुमचं ते मीटर्डवालं करून पायतो. पण लाईनचं तुमच्याजवळ उत्तर नाई, अन लाईन जाऊन संगणक अर्ध्यात अडकला तं गावात दुरुस्त कराले माणूस कोन? विंडोजवाला निदान तालुक्याले भेटते. लिनक्सवाला कुठी भेटते?

सेतूचालक

हाच माझा मुद्दा. संत्रापट्टा भाऊ, तुम्ही काटोलला आहात म्हणून तिथल्या केंद्रांना लिनक्स जमतं. दारव्ह्यात तुमच्यासारखा माणूस नाही. दोन प्रणाली म्हणजे दोन तऱ्हेचे बिघाड, आणि ते दुरुस्त करणारा पोरगा एकच, तोही बारावीनंतर पुण्याला जाणार. ताईंचं फोल्डरचं आजच करतो. प्रिंटवाला संगणक मिंटवर न्यायची माझी तयारी आहे, पण दाखल्यांची आणि विम्याची गर्दी ओसरल्यावर, आणि तुम्ही फोनवर उपलब्ध राहणार असाल तर. अंगठ्याच्या संगणकाला मात्र मी हात लावू देणार नाही.

संत्रापट्टा

राहीन. पोळ्यानंतरचा आठवडा ठरवू. त्याआधी मिंटची पेनड्राइव्ह बनवून पाठवतो. काहीही न पुसता तिच्यावरून संगणक चालू करून बघा, तुमचा प्रिंटर आणि स्कॅनर ओळखला जातो का ते. ओळखला नाही तर मिंट टाकायचं नाही, तुमचं बरोबर. पऱ्हाटी भाऊ, घाटंजीसाठीही एक पाठवतो. पेनड्राइव्हवरून चालू असताना लाईन गेली तरी तुमच्या डिस्कवरचं विंडोज जसंच्या तसं राहतं.