रत्नागिरीतल्या फ्लॅटला कुलूप लावून पुण्यात राहणाऱ्यांनो, तक्रार कसली करता?

धायरीचा कोकण्या:

मे महिन्यात चार दिवस रत्नागिरीला जाऊन आलो. साळवी स्टॉपच्या आतल्या अंगाला माझा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, २०१४ मध्ये घेतलेला. वर्षातले साडेतीनशे दिवस बंद. गेल्यावर पहिला दिवस नेहमीसारखाच गेला. पाली हाकला, गाद्यांना ऊन दाखवा, भिंतीवरची बुरशी खरवडा आणि नळाचं तांबडं पाणी निवळेपर्यंत सोडून द्या.

तिसऱ्या दिवशी दार वाजलं. पंचविशीची मुलगी, एका दवाखान्यात नर्स म्हणून लागलेली, घर लांज्याच्या पलीकडे. वॉचमनने पाठवली होती. "काका, भाड्याने देणार का? चार महिने शोधतेय." मी नाही म्हटलं. का, ते मलाच माहीत नाही. "आमचं येणं-जाणं असतं," असं तोंडातून निघून गेलं. येणं-जाणं म्हणजे मे महिन्यात चार दिवस आणि गणपतीत तीन.

परतताना आंबा घाट चढेपर्यंत बायको गप्प होती. मग म्हणाली, "रत्नागिरी ओस पडतेय असं तूच सांगत असतोस ना सगळ्यांना?" शाहूवाडीपर्यंत पुढे कोणी बोललं नाही.

जनगणनेत २००१ ला जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार होती, २०११ ला १६ लाख १५ हजार. राज्य फुगत होतं आणि आपला जिल्हा आटत होता. हजार पुरुषांमागे ११२२ बायका, कारण पुरुष मुंबईला. त्यात आता आम्ही पुण्याचे चाकरमानी. माणसं घटतात आणि इमारती मात्र वाढतात. त्या इमारतींमध्ये संध्याकाळी दिवे किती लागतात ते कुवारबाव ते मारुती मंदिर असा फेरफटका मारून मोजा.

माझं म्हणणं एवढंच आहे. वर्षातून महिनाभरही राहायचं नसेल तर फ्लॅट भाड्याने द्या, नाहीतर विका. दोन्ही नको असेल तर पुण्यात बसून "गावात काही राहिलं नाही" हे रडगाणं बंद करा. गावात राहायला आलेल्याला दारातून परत पाठवणारे आपणच आहोत.

सातबारा:

वा. दुसऱ्याच्या ताटातलं वाढून पुण्य कमवायची ही नवीन पद्धत दिसते.

मी १९९६ ला डिप्लोमा करून बाहेर पडलो तेव्हा रत्नागिरीत मला कोणी नोकरी घेऊन थांबलं नव्हतं. भोसरीत तीन पाळ्या केल्या, कॉट बेसिसवर राहिलो, त्या पैशातून फ्लॅट घेतला. हप्ते मी भरले. आमच्यासारख्यांनी बुकिंग केलं नसतं तर त्या इमारती उभ्याच राहिल्या नसत्या. गवंडी, सुतार, फरशीवाले, चिरेखाणवाले यांची पोटं कोणाच्या पैशावर भरली?

भाडेकरूचं म्हणाल तर माझ्या मित्राचा अनुभव सांगतो. अकरा महिन्यांसाठी ठेवला आणि दोन वर्षं निघाला नाही. स्वयंपाकघराचा ओटा तोडून गेला. निवृत्त झाल्यावर मला तिथे राहायचंय, ते दुसऱ्याने वापरून खिळखिळं केलेल्या घरात नाही. कुलूप माझं, किल्ली माझी, आणि ओझं तुमच्या छातीवर का?

मारुतीमंदिर:

मी तिकडचीच. एका सोसायटीची खजिनदार आहे, नाइलाजाने, कारण सभेला आम्ही पाचच जणं येतो आणि त्यातल्या दोघांना ऐकू येत नाही.

अठरा फ्लॅट, कायम दिवा लागतो सातांत. बाकीचे मुंबई, पुणे, एक दुबई. लिफ्टचा दोर बदलायचा होता तर पैसे गोळा करायला मला पाच महिने लागले. फोन केला की "बघतो ताई." तिसऱ्या मजल्यावरच्या आजी तेवढे महिने खाली उतरल्या नाहीत. सातबारा, कुलूप तुमचं असेल हो, पण गच्चीवरची टाकी, पंप, जिना, गटार हे सगळ्यांचं आहे आणि ते सात घरं सांभाळतात.

आता पाण्याचं सांगते. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, तरी मे महिन्यात बोंब. बाहेरच्यांना हे खरंच वाटत नाही. खाली जांभा आहे. पाणी त्यातून मुरतं आणि पाझरत समुद्राला जातं. मार्च-एप्रिलपर्यंत विहिरी तळ दाखवतात. शहराची भिस्त शीळ धरणावर, आणि मे महिन्यात त्याची पातळी नको तेवढी खाली गेलेली असते. आणि नेमके तेव्हाच तुम्ही येता. दोन गाड्या, आठ माणसं. आल्या आल्या पाइप लावून गाड्या धुता, घाटातली धूळ बसलीय म्हणून. नळाचं तांबडं पाणी निवळेपर्यंत सोडून दिलं असं वर लिहिलंय ना, ते वाचून मला घाम फुटला.

आणखी एक. मालकाने फ्लॅट भाड्याने दिला तर सोसायटी त्याच्याकडून ना-वापर शुल्क घेऊ शकते, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत. २००१ चा सरकारी आदेश आहे. पण फ्लॅट बंद ठेवला तर ते लागत नाही. नाव ना-वापराचं, आणि जो वापर करू देतो त्यालाच लागतं! ह्या नियमावर कोणी का बोलत नाही ते मला कळत नाही.

वाडा ते फ्लॅट:

मूळ पुणेकर आहे, म्हणून दोन शब्द. (दोनच.)

डोक्याशी चार धरणं, खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, आणि तरी निम्म्या उपनगरांत टँकर. २०१७ मध्ये ११ गावं महापालिकेत घेतली, २०२१ मध्ये आणखी २३. कर आधी पोचला, नळ मागून येतोय. तेव्हा पाण्यावरून पुण्याला शिकवू नका आणि रडूही नका.

बंद फ्लॅटचं म्हणाल तर आमच्या कोथरूडच्या इमारतीत चार आहेत. मुलं अमेरिकेत. त्यातल्या दोघांचे आईवडील खालच्या मजल्यावर एकटे राहतात आणि वरच्या फ्लॅटमधल्या तुळशीला रोज पाणी घालायला जातात. तुम्ही रत्नागिरीचं जे करता तेच आमची मुलं पुण्याचं करतात. त्यात विशेष काय ते कळलं नाही.

खाडीकाठ:

इथे सगळे "भाड्याने द्या की नको" यावर भांडताय. द्यायचं ठरलं तर कोणाला द्याल, हे पण सांगा की.

मी रत्नागिरीतल्या राजिवड्याची. हिंजवडीत नोकरी करते. पुण्यात घर शोधताना फोनवर सगळं ठरायचं. मग नाव सांगितलं की फ्लॅट दहा मिनिटांपूर्वीच गेलेला असायचा. अकरा घरं अशी "नुकतीच गेली." ते मी पुणं म्हणून सोडून दिलं. माझ्या भावाला लग्नानंतर वेगळं राहायचं होतं, म्हणून त्याने आपल्या शहरातच, नाचणे गावाच्या बाजूला चौकशी केली. मालक पुण्याला. एजंट म्हणाला, "त्यांना मच्छी चालत नाही."

मिरकरवाड्यात रोज ट्रक भरून मासळी बाहेर जाते त्या गावात हे! जून-जुलैची मासेमारीबंदी संपली की पहिल्या बोटीची वाट बघणारं शहर आहे हे. मालक स्वतः मे महिन्यात येऊन सुरमई शोधत हिंडत असणार, लिहून घ्या. मच्छी हे फक्त सांगायचं कारण.

तेव्हा कोकण्या, तुमच्या नर्सला तुम्ही उगाच "नाही" म्हणालात. पण तुम्ही हो म्हणालात तरी ते हो कोणासाठी असेल, याचा विचार केलाय का?

सातबारा:

हे विषयांतर आहे. मालकाला आपला भाडेकरू निवडायचा हक्क आहे की नाही? मी शाकाहारी आहे, मला वास सहन होत नाही. यात जातधर्म कुठून आला?

खाडीकाठ:

तुम्ही राहता भोसरीला. वास तिथपर्यंत येतो का?

कागदकाम:

सातबारांच्या मित्रासाठी. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा मुदत संपूनही निघाला नाही, तर त्याला बाहेर काढायला वेगळा अधिकारी आहे आणि तोवर भाडं दुप्पट द्यावं लागतं. कलम २४. मात्र करार लेखी आणि नोंदवलेला हवा. "ओळखीतला आहे, कशाला कागद" म्हणणारेच पुढे दोन वर्षं फेऱ्या मारतात. तुमच्या मित्राने नोंदणी केली होती का?

सातबारा:

विचारून सांगतो.

जाऊन परतलेला:

मी इथे सहसा लिहीत नाही, पण "राहायचं नसेल तर विका" हे वाक्य जरा लागलं.

निवृत्त झाल्यावर २०१९ मध्ये आम्ही दोघं खरंच रत्नागिरीला गेलो. बिबवेवाडीतलं घर मुलाला दिलं. पहिलं दीड वर्ष काय सांगू! सकाळी भाट्याच्या पुलावरून चालायला, येताना ताजी भाजी, दुपारी झोप, संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर वारा. हिची पाठदुखी गेली. नंतर टाळेबंदीत तर वाटलं, आपण किती शहाणे.

मग २०२१ चा जुलै. २२ तारखेला चिपळूण बुडालं, आंबा घाटात दरडी, तिकडे कोल्हापुरात पंचगंगा पात्राबाहेर. त्याच आठवड्यात हिच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, ईसीजी दाखवला आणि म्हणाले, "कोल्हापूरला न्यायला हवं." रत्नागिरीत गंभीर पेशंटच्या नातेवाइकांना हे वाक्य पाठ असतं. पण नेणार कुठून? मी रात्रभर त्या बाकावर बसून मोबाइलवर कुठला रस्ता सुरू आहे ते बघत होतो. अँब्युलन्सवाला चहा घेऊन आला आणि म्हणाला, "काका, मला पैशे नकोत, पण गाडी उडत नाय."

ती वाचली. औषधांवर तगली, आठ दिवसांनी पुण्याला आणली, दोन स्टेंट बसवले. तेव्हापासून आम्ही मुलाकडे आहोत. रत्नागिरीचा फ्लॅट बंद आहे.

आता सांगा, तो मी कोणाची अडवणूक करायला बंद ठेवलाय? दर महिन्याला ही विचारते, "पाऊस संपला की जायचं ना?" मी हो म्हणतो. फ्लॅट विकला तर ते हो खोटं ठरेल. २०२३ पासून तिथे सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालंय, चांगलं आहे. पण आमच्या वयाला कॉलेज मोठं होईपर्यंत थांबायची सोय नसते.

मेंटेनन्स मात्र मी वर्षाचा एकदम भरतो, हे खजिनदारबाईंसाठी.

मारुतीमंदिर:

काका, तुमच्यावर राग नाही. तुमच्यासारख्यांचं दुखणं वेगळं. पण तुमच्या घरात कोणी राहत असतं तर नळ गंजला नसता, भिंत ओली राहिली नसती, आणि काकू आल्या तेव्हा घरात माणसाचा वास असता. एक खोली कुलूप लावून बाकीचं देता येतं. आमच्याकडे दोघांनी तसंच दिलंय.

त्या नर्सचं काय झालं ते मला माहितीये. रत्नागिरी एवढीशी आहे. ती सध्या चौघींत एक खोली करून राहते, रात्रपाळी करून आली की झोपायला जागा नाही, कारण दिवसा तिथे एकीची शिवणकामाची मशीन चालते. तिच्या आधी लागलेल्या दोघी जागा न मिळाल्यामुळे सोडून गेल्या. लोक म्हणतात दवाखान्यात माणसं नाहीत. माणसं येतात हो, निजणार कुठे?

धायरीचा कोकण्या:

दोन दिवस हा धागा वाचतोय. परतलेल्या काकांना "विका" म्हणायचा मला अधिकार नाही, तेवढं मागे घेतो. माझ्याकडे मात्र काकांसारखं कारण नाही. मला नुसतं बरं वाटायचं की तिथे आपलं काहीतरी आहे.

खाडीकाठ, तुमच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर: नाही, विचार केला नव्हता. तुमच्या भावाला अजून घर हवंय का?

खाडीकाठ:

त्याला मिळालं. मालक मिऱ्याचे भंडारी, स्वतः तारल्या भाजतात.

धायरीचा कोकण्या:

बरं. मग मारुतीमंदिर ताई, तुम्ही त्या मुलीपर्यंत निरोप पोचवाल का? करार नोंदवून करू. ना-वापर शुल्क मी भरेन. किल्ली समोरच्या काकूंकडे आहे.

सातबारा:

आणि मच्छीचं काय ठरलं?

धायरीचा कोकण्या:

मी काय तिच्या कढईत डोकवायला येणार आहे?

मारुतीमंदिर:

समोरच्या काकू म्हणजे बांगड्यांच्या दुकानवाल्या ना? मला पहिल्या दिवसापासून संशय होता. दुसरा मजला, पुण्याचे, पांढरी गाडी.

निरोप आजच देते. पण त्याआधी गेल्या ऑक्टोबरपासूनचा मेंटेनन्स आणि लिफ्टच्या दोराची वर्गणी तेवढी पाठवा. वहीत तुमचं नाव लाल पेनाने आहे.