फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली वनस्पतिपेशी: प्रात्यक्षिकासाठी काय निवडावे?

पर्णिका
नमस्कार मंडळी. पदवीच्या दुसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिके घेते. विभागात फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक आलाय, म्हणजे एका रंगाचा प्रकाश टाकल्यावर नमुना दुसऱ्या रंगात चमकतो तो दाखवणारा. यूव्ही, निळा आणि हिरवा असे तीन फिल्टर आहेत. मुलांनी स्वतः स्लाइड करून पेशीभित्तिका, केंद्रक आणि हरितलवके पाहावीत असं फार वाटतं. कोणते नमुने आणि कोणते रंग घेऊ?

देवराई
पहिल्या प्रात्यक्षिकात एकही रंग वापरू नका, असं कळकळीने सांगेन. हायड्रिलाचं पान जेमतेम दोन थरांचं असतं, छेद घ्यावा लागत नाही. निळ्या प्रकाशात त्यातली हरितलवके लालभडक दिसतात, कारण क्लोरोफिल ६८० नॅनोमीटरच्या आसपास स्वतःच प्रकाश सोडतं. खोडाच्या पातळ छेदात यूव्हीखाली लिग्निनमुळे (भित्तिका कठीण करणाऱ्या द्रव्यामुळे) जलवाहिन्या निळसर उजळतात. एक मात्र आधी बघा: तुमचा निळा फिल्टर लाँगपास, म्हणजे हिरव्यापासून लालपर्यंतचा सगळा प्रकाश डोळ्यापर्यंत सोडणारा, आहे ना? फक्त हिरवा पट्टा सोडणारा असेल तर हरितलवकांचा लाल प्रकाश तिथेच अडेल आणि मुलांना काळोख दिसेल.

मूलरोम
+१. शिवाय हा अनुभव असला की पुढे रंगवलेल्या स्लाइडमधला कुठला उजेड रंगाचा आणि कुठला पेशीचा स्वतःचा, हे मुलं विचारू लागतात. प्रत्येक गटाकडे बिनरंगाची एक स्लाइड हवीच.

रंगांसाठी कांद्याचा आतला पापुद्रा उत्तम, त्यात हरितलवकांचा अडथळा नाही. भित्तिकेला कॅल्कोफ्लोर व्हाइट, केंद्रकाला डॅपी. पण दोन्ही यूव्हीत निळेच दिसतात, म्हणून वेगवेगळ्या स्लाइडवर घ्या.

माझी खरी पसंती एफडीए (फ्लुरोसीन डायअ‍ॅसिटेट) आणि प्रोपिडियम आयोडाइड या रंगांच्या जोडीला. एफडीए मुळात चमकत नाही. जिवंत पेशीत शिरल्यावर तिथली एस्टरेज विकरं त्याचं फ्लुरोसीन करतात आणि पेशी हिरवी उजळते. प्रोपिडियम शाबूत पटलातून आत जात नाही, त्यामुळे जिवंत पेशीची फक्त भित्तिका लाल होते. मेलेल्या पेशीचं केंद्रकही रंगतं. पापुद्र्याचा एक तुकडा गरम पाण्यात बुडवून शेजारी ठेवा, फरक लगेच कळतो.

पर्णिका
ही जोडी नक्की करणार! हाताळायला धोक्याचे आहेत का?

मूलरोम
डॅपी आणि प्रोपिडियम डीएनएला चिकटतात. हातमोजे घालाच, उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका. एफडीएचा साठा अ‍ॅसिटोनमध्ये करा आणि पाण्यात ऐनवेळी मिसळा. आधीच मिसळून ठेवलं तर ते आपोआप विघटित होऊन सगळी पार्श्वभूमीच हिरवी होते.

देवराई
आणि जागा साध्या प्रकाशात शोधायची, आकृती काढताना शटर बंद. नाहीतर रंग विझतो. पाऱ्याचा दिवा असेल तर बंद केल्यावर तो पुरता थंड होईपर्यंत पुन्हा लावू नका. दोन तुकड्यांच्या मध्ये तो चालूच राहू द्या.