येशूच्या वधस्तंभानंतर ख्रिस्ती पंथ विझला का नाही?

प्रश्न
इ. स. ३० च्या सुमारास पंतय पिलात या रोमन अधिकाऱ्याच्या हुकमाने येशूला वधस्तंभावर खिळले. ही शिक्षा मुख्यतः गुलामांच्या आणि बंडखोरांच्या वाट्याला येई. शिवाय टांगलेला मनुष्य देवाने शापिलेला असतो, असे यहुदी धर्मशास्त्रच सांगत होते. तरीही अनुयायांनी त्यालाच मशीहा, म्हणजे देवाने पाठवलेला तारणहार, मानले. दुःख असह्य झाल्यामुळे मनाने करून घेतलेली ही समजूत म्हणावी का?

प्रतिसाद १
मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली असे मांडले की, भाकीत खोटे ठरले तरी काही माणसे श्रद्धा सोडत नाहीत, उलट ती अधिक जोमाने पसरवू लागतात. येशूच्या पेत्रासारख्या शिष्यांना हे लागू पडेलही. पण पुढे या पंथाचा मोठा प्रचारक झालेला पौल तर आधी त्याचा छळ करणारा होता, त्याची कुठली आशा भंगली होती?

प्रतिसाद २
पौलाचा मुद्दा रास्त आहे. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते असे की, गेलेले माणूस दिसल्याचा भास शोकात अनेकांना होतो, पण तेवढ्याने कोणी ‘तो मेलेल्यांतून उठला’ असे म्हणत नाही. ती भाषा आधीच तयार होती. इ. स. पूर्व १६७ च्या सुमारास अंतियोख चौथा या ग्रीक वंशाच्या राजाने धर्मनिष्ठ यहुद्यांचा छळ मांडला, तेव्हा नियमशास्त्र (यहुदी धर्माचे नियम) पाळणारेच मारले जात असतील तर देवाचा न्याय कुठे, या प्रश्नातून हुतात्म्यांच्या पुनरुत्थानाची आशा बळावली. बायबलमधल्या दानिएलाच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात ती स्पष्ट दिसते. शोकाने ओढ दिली असेल, आकार मात्र परंपरेने दिला.

प्रतिसाद ३
श्रद्धा उपजणे वेगळे आणि टिकणे वेगळे. ती टिकली घराघरांतल्या पंगतीत. ग्रीसमधले करिंथ हे इ. स. पूर्व ४४ मध्ये पुन्हा वसवलेले, मुक्त गुलामांची मोठी वस्ती असलेले शहर. तिथल्या प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ एकत्र घेतल्या जाणाऱ्या जेवणात, कोणी उपाशी राहतो आणि कोणी पिऊन मस्त होतो, म्हणून पौल पत्रातून कडक शब्दांत खडसावतो. हा तपशील मला फार बोलका वाटतो: दर्जाचा भेद तिथेही शिरला होता, पण त्याची लाज वाटावी अशी अपेक्षा निदान त्या पंगतीत होती. पुढे ११२ च्या सुमारास रोमन प्रांताधिकारी प्लिनीने बिथुनियात (आजच्या तुर्कस्तानात) ख्रिस्ती लोकांच्या चौकशीसाठी ज्या दोन दासींचा छळ केला, त्यांना त्यांची ख्रिस्ती मंडळी ‘सेविका’ या पदाने ओळखत होती.