धुलाईखोलीतील पाटी आणि आटलेला स्वेटर

सदनिका ३०४ : सर्व सभासदांना नमस्कार. हा विषय मी तिसऱ्यांदा मांडत आहे. काल रात्री माझ्या आईने विणलेला स्वेटर सामायिक यंत्रात, लोकरीच्या सौम्य धुलाईवर आणि थंड पाण्यात लावून मी वर आले. मध्येच कोणीतरी यंत्र थांबवून त्यातच आपले कपडे भरले आणि भिंतीवरच्या पाटीप्रमाणे ६० अंशांवर ते पुन्हा सुरू केले. सकाळी हातात आला तो लहान मुलाच्या मापाचा स्वेटर : बाह्या कोपरापर्यंत आटलेल्या आणि वीण इतकी घट्ट बसलेली की सुलट-उलट टाके वेगळे ओळखू येईनात. ती पाटी काढावी, एवढीच विनंती आहे.

सदनिका १०२ : प्रत्येक कपड्याच्या आत शिवणीला धुलाईच्या खुणांची पट्टी असते. ती वाचूनच कपडा यंत्रात टाकावा.

सदनिका ३०४ : काका, आईने घरी विणलेल्या स्वेटरला पट्टी कुठून असणार?

सचिव : ताई, आपल्या नुकसानीबद्दल खेद वाटतो. मात्र ती पाटी साथीच्या दिवसांत सर्वानुमते लावली होती आणि तशी नोंद इतिवृत्तात आहे, हेही लक्षात घ्यावे.

सदनिका २०१ : यंत्र मी थांबवले नाही, हे आधीच सांगते, कारण संशय नेहमीप्रमाणे आमच्याच घरावर येईल. पण पाटी काढायला माझा विरोध आहे. गेल्या महिन्यात मुलांना खरूज झाली, तेव्हा चादरी आणि टॉवेल गरम पाण्यातच धुवा, असे डॉक्टरांनी बजावले होते. शिवाय हातविणीचा स्वेटर यंत्रात टाकायचाच कशाला?

सदनिका ३०४ : वहिनी, त्याच धुलाईवर तो चार वर्षे व्यवस्थित निघत होता. संशय मी कोणावरही घेतलेला नाही.

सदनिका ५०१ : कापड गिरणीच्या रंगाई-धुलाई खात्यात मी तीस वर्षे काढली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. लोकरीच्या तंतूवर माशासारखे बारीक खवले असतात. गरम, साबणाच्या पाण्यात लोकर घुसळली गेली की ते खवले एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. नमदा, म्हणजे जमवलेल्या लोकरीचे जाड कापड, करतात ते याच रीतीने. त्यामुळे ताई, तो स्वेटर ओढूनताणून मूळ मापाचा होणार नाही. सुताचे वेगळे आहे. सूत ओले झाले की अधिक बळकट होते, म्हणून सुती चादर खळखळून धुतली, पिळली तरी तग धरते. व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा, याच्या नेमके उलट : ओले असताना त्याची जवळपास निम्मी ताकद गेलेली असते, म्हणून ते मुरगळून पिळले की विरते. पँटच्या कमरेतला लवचीक धागा उष्णतेने सैल पडतो. रक्ताचा किंवा दुधाचा डाग आधी थंड पाण्यात सोडवला नाही, तर गरम पाण्यात तो पक्का बसतो. इतक्या वेगवेगळ्या स्वभावाच्या कापडांना एकच तापमान सांगणारी पाटी मला कधीच पटली नव्हती. वहिनींचे म्हणणेही रास्त आहे. आजारपणातल्या चादरी-टॉवेल गरम पाण्यातच धुवावेत. पण रोजच्या सदऱ्याला त्याची गरज नाही.

सदनिका १०२ : म्हणूनच पुन्हा लिहितो, शिवणीची पट्टी वाचावी. तिच्यावरच्या पाण्याच्या टबाच्या खुणेखाली एक आडवी रेघ असेल तर सौम्य धुलाई आणि दोन रेघा असतील तर त्याहून सौम्य.

सदनिका ४०२ : विषय निघालाच आहे, तर यंत्राच्या कप्प्यात साबणाची पूड कोण एवढी ओतते, हेही कळू द्या. जादा पूड नीट खळबळून निघत नाही आणि आमचे टॉवेल पापडासारखे कडक होतात.

सदनिका २०१ : त्यासाठी कपडे मऊ करणारे द्रव घालावे.

सदनिका ४०२ : त्या द्रवाचा तंतूंवर थर बसतो आणि टॉवेल पाणी टिपेनासा होतो. पूड निम्मी केल्यापासून घरचे टॉवेल मऊ आहेत, हे मी आपल्याला जिन्यातही सांगितले होते.

सदनिका ३०३ : मला याहून मोठी काळजी वाटते. प्लिमथ विद्यापीठाच्या २०१६ मधील अभ्यासानुसार ॲक्रिलिकच्या सहा किलो कपड्यांच्या एका धुलाईतून सात लाखांहून अधिक तंतू पाण्यात सुटू शकतात. ते प्लास्टिकचेच तंतू असतात. एकदा घातलेला कृत्रिम धाग्याचा कपडा, डाग किंवा वास नसेल तर, वाऱ्यावर टांगून पुन्हा का घालू नये?

सदनिका २०१ : दुसऱ्यांच्या घरातला घामाचा वास कोणी मोजायचा?

सदनिका ३०३ : घामाचा कपडा धुवावाच, असे माझेही मत आहे. तासभर अंगावर असलेल्या जाकिटाबद्दल मी बोलत होतो, कृपया विपर्यास नको. ब्रिटनमधील रॅप या संस्थेने २०१२ मध्ये मांडले होते की, कपडे आणखी नऊ महिने वापरात राहिले तर कार्बन, पाणी आणि कचरा यांचा त्यांच्यामुळे पडणारा भार २० ते ३० टक्क्यांनी घटतो. नऊ महिने म्हणजे एक तुटलेले बटण आणि एक उसवलेली शिवण वेळेवर शिवणे, एवढेच बहुधा असते.

सदनिका ५०१ : अगदी बरोबर. गच्चीवर रंगीत कपडे उलटे करून, सावलीत वाळत घाला. उन्हाने रंग विटतो. लोकरीचे कपडे मात्र दोरीवर टांगू नका, ओल्या वजनाने लोंबतात. टॉवेलवर पसरून वाळवा.

सचिव : सर्वांची मते लक्षात घेऊन उद्या नवी पाटी लावतो : "थंड पाणी; आजारपणातील चादरी व टॉवेल ६० अंशांवर; पूड मोजून; दुसऱ्याची धुलाई सुरू असताना यंत्र थांबवू नये." हरकत असल्यास रात्रीपर्यंत कळवावी.

सदनिका १०२ : त्यात शिवणीची पट्टी वाचण्याविषयीचे वाक्यही घालावे.

सदनिका २०१ : माझी हरकत नाही. ताई, स्वेटरचे खरेच वाईट वाटले.

सदनिका ५०१ : ताई, एक सुचवू का? लोकर पुरती जमली असेल तर कापल्यावर तिचे टाके सुटत नाहीत. त्या कापडाची उशीची खोळ किंवा हातमोजे चांगले होतील. कात्री आणि दाभण माझ्याकडे आहेत.

सदनिका ३०४ : काका, छातीवर आईने पानांची एक ओळ विणली होती. तेवढी अखंड ठेवून कापता येईल का? मी संध्याकाळी घेऊन येते.